वजन उतरवा, पण ताकद सांभाळा

(सोलापुरात ज्येष्ठ महिलांसाठी झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय रोजचाच आहे. वय साठीच्या पुढं, वजन जास्त, गुडघे दुखतात, उठताबसता त्रास होतो. यावर आपल्याकडं दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "वजन कमी करा." दुसरा म्हणतो, "आता वय झालं, आराम करा." पहिला सल्ला अर्धा आहे आणि दुसरा चुकीचा आहे. पहिला अर्धा का आणि दुसरा चुकीचा का, ते आज समजून घेऊ. मग घरी काय करायचं, तेही सांगते.

आधी काही प्रश्न विचारते. हात वर करू नका, मनातच उत्तर द्या. जमिनीवर बसलात तर कशाला न धरता उठता येतं का? संडासातून उठताना नळाला धरावं लागतं का? एसटीची पहिली पायरी चढताना कुणीतरी मागून हात द्यावा लागतो का? बाहेर जायचं असलं की "तिथला संडास कसा असेल" म्हणून सकाळपासून पाणी कमी पिता का?

डॉक्टरांकडं गेल्यावर आपण "गुडघा दुखतो" एवढंच सांगतो. हे बाकीचं कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. पण खरं नुकसान इथंच होतं. बाईचा वावर हळूहळू आखडत जातो. आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग लेकीच्या घरी जाणं. शेवटी स्वतःच्या घरातल्या मोरीपर्यंत जायलाही कुणाची तरी वाट बघावी लागते. म्हणून आज आपण ध्येय वेगळं ठेवू. काट्यावरचा आकडा दुय्यम. स्वतःच्या पायांवर उठता येणं, चालता येणं हे मुख्य.

थकवा म्हणजे व्यायाम नव्हे

आपल्या सोलापूरचा विचार करा. शहराच्या पूर्व भागात, तिकडं कुंभारीच्या घरकुलात, हजारो बायकांनी आयुष्यभर विड्या वळल्या. कुंभारीचं गोदूताई परुळेकर घरकुल तर विडी कामगार महिलांसाठीच उभं राहिलं, दहा हजार घरांचं. २००६ साली त्याच्या चाव्या मिळाल्या. त्या घरांच्या दारात सकाळी बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली पानं, कात्री, दोऱ्याचं रीळ. बाई बसली की आठ-आठ तास बसते. बोटं थांबत नाहीत, पण पाय जागचे हलत नाहीत.

आता त्या बाईला सांगा, "व्यायाम कर." ती म्हणेल, "दिवसभर राबते मी, अजून काय व्यायाम करू?" तिचं खरं आहे. ती राबते. पाठ धरते, मान धरते, डोळे शिणतात. पण मांडीच्या आणि कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूंना दिवसभर काम मिळत नाही. शरीर जी ऊर्जा खर्च करतं त्यात या मोठ्या स्नायूंचा वाटा मोठा असतो. ते बसून राहिले की खर्च कमी आणि खाणं तेवढंच. शिलाई मशीनवर बसणाऱ्या, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या, निवृत्तीनंतर टीव्हीसमोर बसणाऱ्या बायकांचंही हेच. थकवा येणं आणि व्यायाम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवा.

आणि हे दुखणं काही फक्त शहरातलं नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण लागतं, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शंभरातल्या साधारण अठरा जणांना सांध्यांचं, स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. गुडघा आणि कंबर त्यात वरच्या क्रमांकावर. शेतात चालणाऱ्या, कष्टाची सवय असलेल्या गावातली ही गोष्ट आहे.

गुडघ्यावर किती भार येतो?

आता वजन आणि गुडघा यांचं गणित बघू. चालताना गुडघ्यावर आपल्या वजनाइतकाच भार येतो असं नाही. पाऊल टेकतं, स्नायू ओढ घेतात, त्यामुळं सांध्यावरचा दाब वजनाच्या कितीतरी पट होतो. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात गुडघेदुखी असलेल्या जाड, वयस्कर लोकांची चाल मोजली गेली. २००५ साली त्याचे निष्कर्ष आले. वजन एक किलोनं उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो.

आता हिशेब करा. पाच किलो वजन उतरलं, म्हणजे पावलागणिक वीस किलो. घरातल्या घरात तुम्ही दिवसाला तीन हजार पावलं टाकता असं धरू. म्हणजे एकेका पायाची दीड हजार. दीड हजार गुणिले वीस, तीस हजार किलो. तीस टन. उसाचे दोन ट्रक भरतील एवढा भार एका गुडघ्यावरून एका दिवसात उतरला, फक्त पाच किलोंनी.

आणि हे फक्त कागदावरचं नाही. फ्रॅमिंगहॅम नावाच्या अमेरिकन गावात अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासातून १९९२ साली दिसलं, की दहा वर्षांत ज्या बायकांचं वजन सुमारे पाच किलोनं कमी झालं, त्यांना गुडघ्याची झीज होऊन दुखणं लागण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. तेव्हा "वजन कमी करा" हा सल्ला खोटा नाही. मग मी त्याला अर्धा का म्हणते?

जाड अंगातले बारीक स्नायू

कारण काट्यावर जे दिसतं त्यात चरबी असते, तसे स्नायूही असतात. काटा दोन्ही एकत्र मोजतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम जगभर माहीत आहे. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी मिळून स्वतःचाच एक फोटो प्रसिद्ध केला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१ टक्के. म्हणजे आपण भारतीय काट्यावर बारीक दिसलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. म्हणूनच आपल्याकडं बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा धरतात आणि बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं असतं.

त्यात बाईचं वय वाढतं. पाळी गेली की चरबी मांड्यांवरून पोटाकडं सरकते. स्नायू तर तिशी-चाळिशीपासूनच हळूहळू घटत असतात, साठीनंतर तो वेग वाढतो. म्हणजे होतं काय, अंगावरचं ओझं वाढत जातं आणि ते उचलणारा हमाल अशक्त होत जातो. बैलगाडी भरलेली आणि बैल रोडावलेला. अशा वेळी उठता येत नाही याला दोन कारणं असतात, ओझं आणि अशक्तपणा. एकाच कारणावर उपाय केला तर काम अर्धंच होणार.

आणि नुसती उपासमार केली तर? वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही जातात, हाडंही विरळ होतात. मग आकडा बघून बाई खूश आणि जिना चढताना मात्र पाय लटपटतात.

याचा नीट पडताळा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घेतला गेला. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात ६५ वर्षांवरच्या १०७ लठ्ठ स्त्री-पुरुषांचे चार गट केले. पहिल्या गटाला काहीच बदल नाही. दुसऱ्याला फक्त आहार. तिसऱ्याला फक्त व्यायाम. चौथ्याला आहार आणि व्यायाम दोन्ही. एक वर्ष हे चाललं. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, चालणं अशा रोजच्या कामांची परीक्षा आधी आणि नंतर घेतली.

निकाल ऐका. पहिल्या गटात जवळपास काही फरक नाही. फक्त आहारवाल्यांचे गुण १२ टक्क्यांनी सुधारले. फक्त व्यायामवाल्यांचे १५ टक्क्यांनी, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन उतरलंच नव्हतं! दोन्ही करणाऱ्यांचे गुण २१ टक्क्यांनी सुधारले. आहार करणाऱ्या दोन्ही गटांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं, दहा टक्के आणि नऊ टक्के. पण नुसत्या आहारवाल्यांच्या अंगातला चरबी सोडून असलेला भाग, ज्यात मुख्यतः स्नायू येतात, तो ५ टक्क्यांनी घटला. दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्क्यांनी. खुब्याच्या हाडाची घनता पहिल्यांची ३ टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्यांची १ टक्क्यानं. आपल्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा पूर्ण सल्ला असा: वजन उतरवा, पण ताकद वाढवत वाढवत उतरवा.

"आता वय झालं" हे कुणी ठरवलं?

आता दुसरा सल्ला, आराम करा. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना, ज्यांचं सरासरी वय नव्वद होतं, आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला. वजनं लावून, हळूहळू वाढवत. आठ आठवड्यांत त्यांची पायांची ताकद दुपटीच्याही पुढं गेली. नव्वदीत! स्नायूला वय विचारून वाढता येत नाही असं नाही. त्याला काम दिलं की तो प्रतिसाद देतो.

२०१४ साली आणखी एक मोठा अभ्यास आला. सत्तर ते नव्वदीच्या घरातल्या १६३५ जणांवर. निम्म्यांना चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम. बाकीच्यांना आरोग्याची व्याख्यानं, आजच्यासारखी. अडीच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवलं. चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावणारे, व्याख्यानं ऐकणाऱ्यांत शंभरातले ३५, आणि व्यायाम करणाऱ्यांत ३०. म्हणून सांगते, नुसतं व्याख्यान ऐकून घरी जाऊ नका!

ताटात काय बदलायचं?

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, ६२ वर्षांच्या मावशी आहेत. उंची १५० सेंटिमीटर, वजन ७४ किलो. बीएमआय ३३ च्या जवळ. त्यांनी ५० किलोंवर यायचं स्वप्न बघू नये. सहा महिने ते वर्षभरात पाच ते दहा टक्के, म्हणजे साधारण चार ते सात किलो. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त घाई नको.

पहिली जागा तेलाची. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत असेल, तर माणशी रोजचं ३३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३०० कॅलरी निव्वळ तेलाच्या. त्यातलं निम्मं कमी केलं, तर हिशेबानं महिन्याला अर्धा किलो चरबी. रस्सा तोच, कट कमी. दुसरी जागा चहाची. दिवसाला चार कप, दोन-दोन चमचे साखर, म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी. तिसरी जागा आपली लाडकी शेंगाचटणी आणि कडक भाकरी. शेंगदाणा चांगला आहे, पण मूठभर शेंगदाण्यात दीडशेहून जास्त कॅलरी असतात आणि वर आपण तेल ओततो. कडक भाकरी पातळ असते म्हणून चार कधी खाल्ल्या कळत नाही. भाकरी सोडू नका. मोजून खा.

चौथी गोष्ट उपवासाची. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात, एकादशी कोण सोडणार? मीही सोडा म्हणत नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावालाच. उपवासाला दूध, ताक, दही, फळं घ्या. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच आज्यांनी केली आहे.

आता वाढवायचं काय, तर प्रथिनं. स्नायू त्यांच्यावर बांधला जातो. या वयात रोज किलोमागं साधारण एक ग्रॅम लागतात. आपल्या मावशींना ढोबळमानानं ५५ ते ६० ग्रॅम. दोन मध्यम ज्वारीच्या भाकरीतून सुमारे १४ ग्रॅम मिळतात. घट्ट वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ दोन वाट्या, आणखी १४. दूध-दही मिळून दीड पेला, १० ग्रॅम. दोन अंडी, १२. अंडी चालत नसतील तर मूठभर सोयाबीनच्या वड्या, १५. झालं की जवळपास. पण आपल्याकडं बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या रश्शात भाकरी कुस्करून खाते. डाळ आधीच संपलेली असते. ही सवय मोडा. तुमच्या वाटीत डाळ घट्ट पाहिजे. एक सूचना: ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवायची.

घरात करायचे व्यायाम

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा, खुर्चीतून उठणं-बसणं. मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पाय खांद्याइतके अंतर ठेवून, हात छातीवर. पुढं वाका, उठा, आणि बसताना सावकाश बसा; धपकन नाही. हात न लावता उठता येत नसेल तर खुर्चीवर चादरीच्या घड्या ठेवून बैठक उंच करा. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा आठ-दहा वेळा. सलग बारा सहज जमले की एक घडी काढा. अशी हळूहळू बैठक खाली आणायची. हे "हळूहळू वाढवणं" विसरू नका. तेच ते करत राहिलं तर ताकद तिथंच थांबते.

दुसरा, खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली आणा. सोपं झालं की जुन्या साडीच्या पट्टीत पाव किलो तांदूळ बांधून घोट्याला लावा. मग अर्धा किलो.

तिसरा, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. चौथा, भिंतीवर हात टेकून भिंत ढकलल्यासारखं पुढं-मागं होणं. जमिनीवरून उठताना हातांचीही ताकद लागते. पाचवा, घरातल्या एका पायरीवर आधार धरून चढणं-उतरणं. सहावा, तोल: ओट्याला बोटं टेकवून एका पायावर दहा सेकंद.

हे आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. तोलाचा मात्र तीन दिवस तरी करा. बाकी दिवस चालणं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. आज पाच मिनिटंच जमत असतील तर पाचच, दिवसातून तीन वेळा. वेग असा, की बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. आपला उन्हाळा चाळिशीच्या पुढं जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत. काठी लागत असेल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बऱ्याच जणी उलटी धरतात.

आता विडी वळणाऱ्यांसाठी. दर शंभर विड्या झाल्या की सूप बाजूला ठेवा, उठा, दारापर्यंत जाऊन या, दहा वेळा टाचा उचला, बसा. दोन मिनिटं. हजार विड्यांमागं वीस मिनिटं जातील. आपली मजुरी नगावर असते, म्हणजे तीस-चाळीस विड्यांचे पैसे कमी पडतील, हे मला कळतं. पण गुडघा बसला तर हजाराचेच पैसे जातात. आणि जमत असेल तर जमिनीऐवजी पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून सूप मांडीवर घ्या.

दुखलं तर? व्यायाम करताना थोडं दुखणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शांत होणं, हे चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर जास्त झालं. निम्म्यावर या, पण बंद करू नका. मात्र छातीत दुखणं, दरदरून घाम, चक्कर, जास्त धाप, किंवा गुडघा सुजून गरम होणं, असं काही झालं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधीच विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर खाणं कमी झाल्यावर साखर खाली जाऊ शकते. औषधाचं प्रमाण बदलावं लागतं. ते स्वतःहून बदलायचं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: गुडघ्यातली गादी झिजली आहे असं सांगितलंय. चाललं तर आणखी झिजणार नाही का?

उत्तर: हा सगळ्यांचाच प्रश्न आहे. गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि तो द्रव हालचालीनं आतबाहेर होतो. शिवाय मांडीचा स्नायू बळकट असेल तर धक्का तो झेलतो. २०१३ साली ४५४ जणांवरचा एक अभ्यास आला. सगळ्यांना गुडघ्याची झीज होती आणि सगळे जाड होते. दीड वर्ष आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं जवळपास निम्म्यावर आलं. ज्यांचा गुडघा फारच झिजलाय त्यांना शस्त्रक्रिया लागते, पण त्यांनीही आधी ताकद कमावली तर नंतर लवकर उभं राहता येतं.

प्रश्न: वजन कमी करायची इंजेक्शनं आली आहेत म्हणे. ती घेतली तर व्यायाम कशाला?

उत्तर: आली आहेत, आणि त्यांनी वजन चांगलं उतरतं. कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. पण भूक मेली की माणूस कमी खातो, आणि कमी खाल्लं की स्नायूही जातात, हे आपण आत्ताच बघितलं. तेव्हा इंजेक्शन घेणाऱ्या बाईला ताकदीच्या व्यायामाची गरज जास्तच आहे.

प्रश्न: मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतली की दिवस निघतो. ती चालू ठेवली तर?

उत्तर: एखाद्या दिवशी, डॉक्टरांना विचारून, ठीक आहे. पण महिनोन्महिने स्वतःहून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाला इजा करतात. मधुमेह किंवा बीपी असेल तर धोका आणखी जास्त.

प्रश्न: (एका श्रोत्या सुनेचा) आम्ही सासूबाईंना काहीच करू देत नाही. पाणीसुद्धा हातात देतो. तरी त्यांचे पाय जड होत चाललेत.

उत्तर: ताई, तुमचं प्रेम खरं आहे, पण "तरी" म्हणू नका, "म्हणून" म्हणा. पाण्यासाठी दिवसातून दहा वेळा त्या उठल्या असत्या, तर तेवढा त्यांचा व्यायाम झाला असता. त्यांना हात द्या, पण त्यांच्या वतीनं उठू नका. पाण्याचा तांब्या चार पावलं लांब ठेवा. मोरीत आणि संडासात धरायला दांडा बसवून घ्या, ओली फरशी पुसून ठेवा. एवढं केलंत की मोठी सेवा झाली.

शेवटचं सांगते आणि थांबते. आज घरी गेल्यावर घड्याळ घेऊन नातवंडाला शेजारी उभं करा. खुर्चीतून हात न लावता अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. अमेरिकेत साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी जमले, सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला दहापेक्षा कमी जमले, तर पडण्याचा धोका धरतात. पण दुसऱ्याशी तुलना करायची गरज नाही. तुमचा आकडा तीन असो, शून्य असो, घरातल्या दिनदर्शिकेवर आजच्या तारखेला लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. वजनही लिहा, पण आधी हा आकडा लिहा. आठ आठवड्यांत नव्वदीतल्या माणसांचे पाय ताकद धरू शकतात, तर साठीतल्या तुमच्या पायांनी का धरू नये?